तारखेचा सूर्य

माझ्याकडून सूर्याचं छायाचित्र घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक अट घालते. चित्राच्या खालच्या समासात तारीख आणि वेळ छापलेली असणार, आणि फ्रेम करताना ती माउंटखाली झाकायची नाही. बहुतेक जण मान्य करतात. एका इंटिरिअर डिझायनरनी मात्र तारखेमुळे भिंतीची शोभा जाते म्हणून ती काढायला सांगितली, तेव्हा मी ते काम घेतलं नाही. दिवाणखान्यातल्या एका चित्रापायी एवढा हट्ट का, असं लोक विचारतात. सूर्याचा फोटो कसा होतो हे सांगितल्याशिवाय मला त्याचं उत्तर देता येत नाही.

मी छपाईच्या धंद्यातली. पुण्यात आमचं छोटं काम आहे: चित्रकारांच्या मूळ चित्रांच्या प्रती, प्रदर्शनांचे मोठे प्रिंट, घराघरांतल्या पिवळ्या पडलेल्या फोटोंची नवी छपाई. दुर्बिणीचा नाद त्याच्याही आधीचा. शहराच्या उजेडात रात्रीचं आकाश दिसेनासं झालं तेव्हा मी दिवसाच्या आकाशाकडे वळले. सूर्याला रस्त्यावरच्या दिव्यांनी काही फरक पडत नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, मला हवी तेवढी जागा होती.

आपण 'सूर्याचा पृष्ठभाग' म्हणतो खरं, पण तिथे पाय टेकावा असं काहीच नाही. आपल्याला दिसणारं पिवळट पांढरं बिंब म्हणजे सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेल्या वायूचा थर. मी ज्याचे फोटो काढते तो त्याच्या वरचा पातळ थर, वर्णगोल. एरवी खालच्या झगझगाटात तो बुडून जातो. तो पाहायचा तर हायड्रोजनच्या एकाच लाल रेषेचा, ६५६.२८ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आत घ्यायचा आणि बाकी सगळा बाहेर ठेवायचा. माझा फिल्टर एक अँगस्ट्रॉमपेक्षा अरुंद पट्टा आत सोडतो. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. साध्या दुर्बिणीतून सूर्याकडे पाहिलं तर डोळा कायमचा जातो. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्मही कामाची नाही. गच्चीवर येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी हे आधी सांगते आणि मगच दुर्बिणीजवळ येऊ देते.

या लाल रेषेचा इतिहास आपल्या देशातून गेलेला आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण पाहायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला आला होता. बिंब झाकलं गेलं आणि कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटातल्या रेषा त्याला इतक्या तेजस्वी दिसल्या की ग्रहण नसतानाही त्या दिसतील, हे त्याने ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या पाहिल्याही. तोवर सौरज्वाला पाहायच्या तर खग्रास ग्रहणाची वाट पाहावी लागे आणि मिळत ती दोन-पाच मिनिटं. आज मी कुठल्याही मोकळ्या सकाळी गच्चीवर जाऊन त्या पाहू शकते, त्याची सुरुवात गुंटूरच्या त्या सकाळी झाली.

मोकळी सकाळ म्हणजे मात्र फार थोडा वेळ. सूर्य समोरच्या इमारतींवरून वर येईपर्यंत आठ वाजतात. तो खाली असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि बिंबाची कडा पाण्याखाली असल्यासारखी हलते. जरा वर आला की गच्चीवरची चायना मोझॅकची फरशी तापायला लागते, शेजारच्या पत्र्यांवरून गरम हवा उठते, आणि दहा-साडेदहापर्यंत सगळा तपशील पुसला जातो. मधला तास-दीड तास आपला. मी आधी बादलीभर पाणी फरशीवर शिंपडते; थोडा फरक पडतो. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर का बांधली, हे मला पुस्तकापेक्षा गच्चीने नीट समजावलं. पाणी जमिनीसारखं चटकन तापत नाही, त्यामुळे त्यावरची हवा शांत राहते. जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटातच असते. दिवाळीनंतर धूर आणि धुरकं. खरा हंगाम जानेवारी ते मार्च. रथसप्तमी त्यातच येते, आणि ज्यांना घरात त्या दिवसासाठी सूर्याचं चित्र हवं असतं त्यांची मागणीही त्याच सुमाराला येते, हा योग मला आवडतो.

फोटो म्हणजे एक फोटो नव्हे. कृष्णधवल कॅमेऱ्याने मी छोटा व्हिडिओ घेते, त्यात हजारावर चौकटी असतात. हवा क्षणभर स्थिरावली त्या क्षणाच्या चौकटी सॉफ्टवेअर निवडून काढतं, त्या एकमेकींवर बसवतं आणि त्यातून एक स्वच्छ प्रतिमा तयार होते. व्हिडिओ लांबवला तर चौकटी जास्त मिळतील, पण सूर्य थांबत नाही. विषुववृत्तापाशी त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने फिरतो. ते एक वेळ चालतं. कडेवरची ज्वाला सेकंदाला पन्नास किलोमीटरने सरकत असेल तर? माझ्या चार इंची दुर्बिणीला सूर्यावरचा सुमारे बाराशे किलोमीटरचा तपशील वेगळा दिसतो. तेवढं अंतर ती ज्वाला २४ सेकंदांत कापते. म्हणून एकेका तुकड्याला त्याहून जास्त वेळ मी देत नाही. पूर्ण बिंब कॅमेऱ्याच्या चिपवर मावत नाही, ते तुकड्यातुकड्यांनी घेऊन जोडावं लागतं, आणि ते सगळं दहा-बारा मिनिटांत उरकावं लागतं. समासात मी सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन वेळा छापते त्या यासाठी.

इथवरचं काम दुर्बिणीचं आणि हवेचं. पुढे माझ्या धंद्याचं काम सुरू होतं, आणि भिंतीवरच्या सूर्याचं खरं-खोटं तिथे ठरतं.

पहिला प्रश्न रंगाचा. कॅमेऱ्यातून येते ती राखाडी प्रतिमा. रंग मी देते. दुर्बिणीत डोळ्याला दिसतो तो गडद लाल. तोच कागदावर छापायला गेलं तर चित्र मरतं. शुद्ध लाल रंगात शाईला उजेड-अंधाराच्या फार थोड्या पायऱ्या मिळतात; सगळे बारीक धागे एका लाल डागात मिसळून जातात. अंधाऱ्या भागात तपकिरी, मध्यावर नारिंगी, उजळ भागात फिकट पिवळा असा रंग चढत नेला की तोच तपशील कागदावर उभा राहतो. सोनेरी सूर्य लोकांना आवडतो हे खरंच, पण मी सोनेरी छापते ते या छपाईच्या कारणाने. अवकाशातून पाहिलं तर सूर्य पांढरा आहे. चित्राच्या मागच्या चिठ्ठीवर मी लिहिते: रंग दिलेला आहे. "ताई, थोडा लाल वाढवा ना, आग दिसली पाहिजे," असं सांगणाऱ्यांना मी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून दाखवते. बहुतेकांचं बोट सोनेरीवर जातं. मला स्वतःला विचाराल तर कृष्णधवल सर्वांत चांगला. त्यात लपायला जागा नसते.

दुसरा प्रश्न उलट्या छटांचा. जगभरचे पुष्कळ छायाचित्रकार बिंबाची छटा उलटी करतात, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. बिंब एकदम गोळ्यासारखं फुगून येतं, पृष्ठभागावर मऊ लव असल्यासारखी दिसते. दिसायला देखणं असतं, आणि ते करणाऱ्यांत माझ्यापेक्षा कितीतरी चांगले कलावंत आहेत. मी करत नाही. सूर्याचं बिंब मध्ये उजळ आणि कडेला मंद दिसतं, कारण मध्यावर आपली नजर जास्त खोल, जास्त तापलेल्या थरापर्यंत पोहोचते आणि कडेला वरच्या थंड थरातच अडते. डाग काळा दिसतो, कारण तिथलं चुंबकीय क्षेत्र खालून वर येणारी उष्णता अडवतं. तरीही तो चार हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो, आणि एकटा आकाशात ठेवला तर पौर्णिमेच्या चंद्राहून तेजस्वी दिसेल. उलट्या चित्रात ही सगळी माहिती पालथी होते. मला ती सुलटी हवी.

सरळ छटांच्या चित्रात एक गोष्ट दाखवता येते, ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते. बिंबावर कुठे तरी काळसर लांब दोरा दिसतो, त्याला फिलामेंट म्हणतात. कडेबाहेर पेटलेली कमान दिसते ती ज्वाला. दोन्ही एकच वस्तू आहेत: चुंबकीय क्षेत्राने उचलून धरलेला, आसपासच्या मानाने थंड हायड्रोजनचा ढग. मागे तेजस्वी बिंब असलं की तो काळा, मागे काळं आकाश असलं की तो उजळ. सूर्य आपल्याकडून पाहता साधारण २७ दिवसांत एक फेरा पुरा करतो, म्हणून आज बिंबावर असलेला दोरा आठवड्याने कडेवर ज्वाला होऊन दिसू शकतो. हे कळल्यावर माणसं चित्राजवळ जातात, नाक लावून पाहतात. चित्र विकलं जाण्यापेक्षा मला तो क्षण जास्त हवा असतो.

ज्वाला बिंबाच्या मानाने फार मंद असतात, एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही धड येत नाहीत. मी दोन वेळा घेऊन एकत्र करते आणि तसं लिहिते. त्याच सकाळचे, त्याच दहा मिनिटांतले दोन व्हिडिओ जोडायला माझी हरकत नाही. मागच्या महिन्यातली मोठी ज्वाला उचलून आजच्या कडेवर बसवायला आहे. तसं मागणारे येतात. "कोणाला कळणार आहे?" असंही म्हणतात. मला कळतं, आणि ज्वालेच्या जागेवरून ती पुढे कुठे दिसली हे पाहणाऱ्या एखाद्या शाळकरी पोरालाही कळू शकतं.

तिसरी अडचण अलीकडची. माझ्या बिंबाचा व्यास सुमारे ३२०० पिक्सेल भरतो. दोन फुटांचा प्रिंट काढला तर इंचाला १३३ पिक्सेल पडतात. चार-पाच फुटांवरून पाहायला ते भरपूर झाले, आणि जवळ गेलं तरी चित्र टिकतं. एका ऑफिसच्या लॉबीला सहा फुटी सूर्य हवा होता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं सॉफ्टवेअर तेवढं मोठं करून देतं, पण मोकळ्या जागा ते स्वतःच्या मनाने भरतं. मी चाचणीसाठी एक तुकडा मोठा करून पाहिला, तर डागाभोवती सुंदर, रेखीव, आणि सूर्यावर कधीच नसलेले धागे उगवले होते. मी त्यांना दोन फुटांचा प्रिंट आणि भोवती मोकळी भिंत सुचवली. त्यांनी ते ऐकलं.

दोन फुटांच्या बिंबावर पृथ्वी किती? सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट, म्हणजे साडेपाच मिलिमीटर, भिजलेल्या साबुदाण्याएवढी. याच प्रमाणात ती चित्रापासून ६५ मीटर लांब ठेवावी लागेल, रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीत. शाळांसाठी काढलेल्या प्रिंटच्या समासात मी तेवढा एक निळा ठिपका छापते. घरांसाठीच्या प्रिंटवर मागितला तरच.

कागद आणि फ्रेमबद्दल थोडक्यात सांगते; दुकानात मात्र मी त्यावर तासभर बोलते. बिंबाभोवतीचं आकाश गाढ काळं हवं. सुती मॅट कागदावर तो काळा राखाडीकडे झुकतो, बरायटा कागदावर खोल उतरतो. पण काळ्या भागासमोर साधी काच लावली की तिचा आरसा होतो आणि सूर्याभोवती घरातली ट्यूबलाइट, पंखा, खिडकी दिसायला लागते. परावर्तन मारणारी काच महाग असली तरी इथे तीच घ्यावी. कोकणात चित्र जाणार असेल तर प्रिंट काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पट्टी, आणि मागची बाजू टेपने पूर्ण बंद. नाही तर दोन पावसाळ्यांत बुरशी. बरेच जण वास्तुशास्त्राप्रमाणे सूर्य पूर्वेच्या भिंतीवर लावायचा म्हणतात. मी आनंदाने हो म्हणते. त्या भिंतीवर सकाळचं ऊन पडत नाही, आणि थेट उन्हापासून दूर राहिलेली शाई जास्त टिकते. समोर पश्चिमेची खिडकी असेल तर तेवढा पडदा सांगते.

आणि तारीख. ती सुरुवातीला मी छपाईवालीच्या शिस्तीने घालायची. कुठल्याही प्रिंटवर असते तशी. तिचं मोल मला गिऱ्हाइकांनी शिकवलं. एका जोडप्याला मुलीच्या जन्मदिवसाचा सूर्य हवा होता. फेब्रुवारीतली तारीख होती, माझ्याकडे त्या सकाळचं बिंब होतं. वरच्या डाव्या अंगाला दोन लहान डाग, उजव्या कडेवर एक बसकी ज्वाला. त्या दिवशी सूर्य असा होता, आणि तसा तो पुन्हा होणार नाही. पुढे एक गृहस्थ आले. त्यांचे वडील जुलैत गेले होते आणि त्यांना त्या दिवसाचा सूर्य हवा होता. जुलैत पुण्याचं आकाश भरलेलं. माझ्याकडे काही नव्हतं. 'जवळपासच्या दिवसाचा द्या' असं ते म्हणाले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. मी त्यांना नासाच्या एसडीओ यानाबद्दल सांगितलं. २०१० साली सोडलेलं हे यान ढगांच्या वरून, काही सेकंदांच्या अंतराने सूर्याच्या प्रतिमा घेत आलं आहे आणि त्या सर्वांना खुल्या आहेत. त्यांच्या वडिलांच्या दिवसाची प्रतिमा आम्ही शोधली, खाली यानाचं आणि संशोधक गटांचं नाव छापलं. कागद आणि फ्रेम सोडून मी त्याचे पैसे घेतले नाहीत. फोटो माझा नव्हता.

जुन्या तारखांसाठी कोडाईकनाल आहे. तिथल्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याचे फोटो घेतले गेले, आधी काचेच्या तबकड्यांवर. हायड्रोजनच्या लाल रेषेतले फोटो १९१२ पासून. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने हा सगळा साठा डिजिटल करून ठेवला आहे. एका आजीबाईंच्या नव्वदीला त्यांच्या नातवाने त्या साठ्यातून त्यांच्या जन्मवर्षातलं एक बिंब शोधून आणलं. तबकडीवर ओरखडे होते, कडेला कोणी तरी शाईने खुणा केलेल्या होत्या. मी त्यातलं काहीही साफ केलं नाही. कोडाईकनालच्या थंडीत रोज सकाळी ठरल्या वेळी तबकडी चढवणारी माणसं होती म्हणून तो सूर्य आपल्याकडे आहे. त्यांच्या हाताच्या खुणा पुसणारी मी कोण?

मे २०२४ मधला ३६६४ क्रमांकाचा सक्रिय भाग मी विसरणार नाही. पृथ्वीच्या जवळजवळ पंधरा पट रुंद असा तो डागांचा पुंजका ग्रहणाच्या चष्म्यातून, दुर्बिणीशिवाय दिसत होता. त्याच्यातून निघालेल्या उद्रेकांनी १० मेच्या रात्री पृथ्वीवर मोठं चुंबकीय वादळ आलं, लडाखमधल्या हानलेहून लाल प्रकाश टिपला गेला. पुण्याच्या गच्चीवर उकाडा होता आणि हवा बरी होती. माझ्या दोन फुटी प्रिंटवर तो पुंजका तीन इंचांहून लांब भरला. त्या सकाळच्या प्रिंटांना मी रंग दिलाच नाही.

त्यातला एक सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत आहे. विज्ञानाच्या सरांनी तो व्हरांड्यात लावताना शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली. सूर्याचं डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. २०१९ मध्ये बहुतेक दिवस बिंबावर एकही डाग नव्हता; तशीच शांतता पुन्हा २०३० च्या आसपास येईल. तेव्हाचं कोरं बिंब, त्याच मापात, त्याच कागदावर मी काढून द्यायचं ठरलं आहे. कोऱ्या सूर्यासाठी पैसे देणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलेलं नाही, त्यामुळे हे काम मला जास्तच प्रिय आहे. कागदाचा तो प्रकार तोवर बाजारात राहील याची खात्री नाही, म्हणून पहिल्या प्रिंटची एक पट्टी आणि त्याचं रंगमापन मी पाकिटात घालून ठेवलं आहे. फ्रेमवाल्या काकांनी सागवानाची पट्टीही त्याच वेळी कापून घेतली. सरांनी मुलांना छोट्या दुर्बिणीतून पांढऱ्या कार्डावर सूर्याची प्रतिमा पाडायला शिकवलं आहे. पाळीपाळीने एक तुकडी डाग मोजते आणि वहीत लिहिते. सलग पंधरा दिवस शून्य लिहावं लागलं की मला शाळेतून फोन येणार आहे.